उन्हाने पिवळं पडलेलं रोप

चिठ्ठ्या मी बदलल्या होत्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बरीच कारणं देणार आहे आणि ती वाचता वाचता तुम्हाला माझी दया येण्याची शक्यता आहे. येऊ देऊ नका. एका बरणीवरची 'अंधार' लिहिलेली चिठ्ठी सोलून मी दुसरीला लावली, दुसरीवरची 'उजेड' पहिलीला लावली, बोटांचा डिंक रुमालाला पुसला आणि हजेरी घ्यायला गेलो. हजेरी व्यवस्थित घेतली. त्या दिवशी मी केलेलं तेवढंच एक काम खरं होतं.

मी कल्याणमधल्या एका मराठी शाळेत पाचवी ते सातवीला विज्ञान शिकवतो. राहतो ठाण्यात, नौपाड्यात. सकाळी सगळं ठाणं मुंबईकडे निघतं तेव्हा मी उलट्या दिशेला जातो, त्यामुळे मला गाडीत खिडकी मिळते आणि विचार करायला वेळ मिळतो. माझ्यासारख्या माणसाला हा वेळ चांगला नाही. लहानपणी शेजाऱ्यांच्या कुंडीवर माझा चेंडू पडला होता, ती कुंडी मला अजून मुंब्र्याच्या आसपास आठवते.

काही वर्षांपूर्वी आम्हा शिक्षकांना 'कृतीतून विज्ञान' या विषयाचं प्रशिक्षण मिळालं. मुलांना नुसतं ऐकवू नका, त्यांच्या हाताला काम द्या, हे आम्ही एका सभागृहात खुर्चीवर बसून दिवसभर नुसतं ऐकलं. बाकीचे चहाची वाट बघत होते. मला मात्र ते पटलं. इतकं पटलं, की पुढच्याच रविवारी मी वागळे इस्टेटमध्ये वर्कशॉप असलेल्या एका मित्राकडे गेलो आणि पिशवीभर निकामी बेअरिंगं, स्पीकरमधून काढलेली चुंबकं आणि तांब्याच्या तारेचे तुकडे घेऊन आलो. बायकोने पिशवी उचलून बघितली आणि एवढंच विचारलं, की भंगारवाल्याकडून आपण घ्यायचं कधीपासून सुरू झालं.

माझे प्रयोग पुस्तकातल्यासारखे होत नसत. हवेला वजन असतं हे दाखवायला मी काठीच्या दोन टोकांना दोन फुगलेले फुगे बांधले. एक फोडायचा, की काठी दुसऱ्या बाजूला झुकते. पण फुगा फोडायला मिळणार म्हटल्यावर पाचवीतल्या मुलांना हवेच्या वजनात काही रस उरला नाही. दोन्ही फुगे एकदमच फुटले, काठी सरळ राहिली आणि मी फळ्यावर लिहिलं, की हवेला वजन असते. सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी केला तो स्टाफरूमच्या टेबलावर, वर्गातलं टेबल डुगडुगतं म्हणून. लाव्हा मराठीच्या बाईंच्या निबंधांच्या गठ्ठ्यापर्यंत गेला. 'माझी आई' हा विषय होता. मुलांच्या आया दोन दिवस खिडकीत वाळत होत्या.

पण गाजलं ते लिंबाचं प्रकरण. लिंबात एका बाजूने जस्त चढवलेला खिळा आणि दुसऱ्या बाजूने तांब्याची तार खुपसायची, अशी चारपाच लिंबं एकमेकांना जोडायची, की छोटा एलईडी दिवा लागतो. लागतो म्हणजे लागलाय असं वाटतं. उजेडात काही दिसेना, म्हणून सातवीतली दोन मुलं ती लिंबं उचलून शाळेतल्या सगळ्यात अंधाऱ्या जागी घेऊन गेली. ती जागा म्हणजे मुख्याध्यापिका बाईंच्या दाराबाहेरचा बोळ. तिथे दिवा छान दिसला. तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि मुलं वडापावकडे धावली.

बाई दार उघडून बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या उंबऱ्याशी खिळे ठोकलेली लिंबं रांगेत बसली होती आणि शेवटच्या लिंबाजवळ एक बारीकसा लाल डोळा पेटला होता. दिवस अमावस्येचा. बाईंनी मला बोलावून घेतलं. ओरडल्या अजिबात नाहीत. खुर्चीवर बसून, घोटभर पाणी पिऊन, हळू आवाजात म्हणाल्या, "सर, हे तुमचं आहे असं सांगा. कृपा करून तुमचंच आहे असं सांगा."

मी माझंच आहे म्हटल्यावर त्यांना एवढं हायसं वाटलं, की मला शिक्षाच झाली नाही. फक्त एक ठरलं. लवकरच शिक्षण खात्याचे अधिकारी कृतीयुक्त अध्यापन बघायला येणार होते. बाई म्हणाल्या, या वेळी लिंबू नको, फुगा नको, उतू जाईल असं काही नको. काहीतरी शांत करा. झाडं वगैरे.

म्हणून मूग आले.

सहावीच्या वर्गात एक मुलगी होती. बोलायची कमी आणि बघायची जास्त. चुंबकाच्या तासाला सगळी मुलं एकमेकांच्या कंपासपेट्या ओढत होती तेव्हा ही बाकाखाली बसून बाकाच्या चारही पायांना चुंबक लावत होती. मग वर येऊन म्हणाली, की सर, तीन पायांना चिकटतंय, चौथ्याला नाही, चौथा नंतर बसवलेला दिसतोय. मी वाकून बघितलं. चौथा पाय कुठल्याशा दुसऱ्या धातूचा होता आणि वर सारखाच रंग दिला होता. त्या वर्गात मी कितीतरी वर्षं शिकवत होतो. त्याच दिवशी मी तिला विज्ञानाच्या कपाटाची किल्ली दिली आणि कपाटप्रमुख केलं. तिने किल्ली रिबिनीत ओवून गळ्यात घातली. मंगळसूत्र काय गं, म्हणून मुली चिडवायच्या, तर ती किल्ली गणवेशाच्या आत टाकायची, पण काढायची नाही.

प्रयोग साधा होता. दोन बरण्या, दोन्हींत ओला कापूस, त्यावर भिजवलेले मूग. एक बरणी खिडकीत, एक बंद कपाटात. खिडकीतली बरणी माझ्या घरची, जॅमची, उंच आणि चौकोनी. कपाटातली त्या मुलीच्या घरची, लोणच्याची, बुटकी आणि गोल, काठाला टवका उडालेली. दोन्हींना पाणी घालायचं काम तिचं. मी स्वतः एक रंगीत तक्ता रंगवला. डावीकडे हसरा सूर्य आणि त्याखाली उंच हिरवं रोप. उजवीकडे काळी चौकट आणि तिच्यात बुटकं, मान टाकलेलं रोप. पुस्तकात एवढंच होतं, की वनस्पतींना वाढीसाठी सूर्यप्रकाश लागतो. उजवीकडच्या रोपाच्या डोळ्यातला अश्रू माझा. तक्त्याला मी प्लास्टिकचं आवरणही करून घेतलं.

दोनतीन दिवसांनी ती मुलगी म्हणाली, "सर, कपाटातली जास्त वाढलीयेत."

मी म्हटलं, असं होत नसतं, नीट बघ. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, की नीट बघितलं, आज तर अजूनच वाढलीयेत. मी म्हटलं, बरं बरं. मी स्वतः कपाट उघडून बघितलं नाही. मला उत्तर माहीत होतं, मग बघायचं कशाला?

बघितलं ते थेट अधिकारी येणार होते त्या सकाळी, बरण्या टेबलावर मांडायला काढल्या तेव्हा. खिडकीतली रोपं दोन बोटं उंच, हिरवी, गुटगुटीत. आणि कपाटातून निघालेली रोपं बरणीच्या बाहेर मान काढून वीतभर उंच, पांढुरकी-पिवळी, कोणीतरी हाक मारेल म्हणून टाचा उंचावून उभी असल्यासारखी.

आता यात गूढ काहीच नाही. अंधारातलं रोप उजेड शोधत लांबत जातं, बीमधला साठा संपेपर्यंत. उंच होतं, पण अशक्त राहतं, हिरवं होत नाही. हे मी बी.एस्सी.ला शिकलो होतो. परीक्षेत आकृतीसह लिहिलंही होतं. तेवढं एक वाक्य अधिकाऱ्यांसमोर बोललो असतो तर तास उत्तम झाला असता. पण त्या क्षणी भिंतीवर माझा तक्ता होता, तक्त्यावर उंच रोप सूर्याखाली होतं आणि खाली जिन्यात बाईंचा "या, या, सर, असे या" हा आवाज येत होता. माणूस घाबरला की बी.एस्सी.च्या आधीच्या इयत्तेत जातो. मी पार दुसरीत गेलो आणि चिठ्ठ्या बदलल्या.

लबाडी करायलाही थोडी शास्त्रीय दृष्टी लागते. मी फक्त उंचीचा विचार केला होता. रंगाचा केला नव्हता. आणि चिठ्ठ्या बदलल्या तरी बरण्या त्याच राहतात, हे तर डोक्यातच आलं नाही.

अधिकारी भले गृहस्थ होते. वाकून दोन्ही बरण्या बघितल्या, तक्ता बघितला, पुन्हा बरण्या बघितल्या. मग म्हणाले, "उजेडातलं उंच झालंय, बरोबर. पण हे असं पिवळं का हो?"

"ऊन जास्त लागलं, सर," मी म्हणालो.

"आणि अंधारातलं हिरवं?"

"ते गारव्यामुळे."

मग त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरून ती मुलगी उभी राहिली. हात वर करून, शिस्तीत.

"सर, चिठ्ठ्या बदलल्यात. ही गोल बरणी आमची आहे. ही कपाटात होती."

बाई माझ्याकडे बघत होत्या. चेहरा लिंबाच्या दिवसासारखाच, सर, काहीतरी सांगा, असा. आणि मी हसलो. मोठी माणसं लहान मुलांसमोर जे हसतात तसं. म्हणालो, "गोंधळ झाला असेल तुझा. पाणी घालून परत ठेवताना बरण्यांची अदलाबदल केली असशील."

"नाही केली, सर."

"बस खाली."

अधिकारी मायेने तिला म्हणाले, "बाळ, विज्ञानात निरीक्षण नीट करावं लागतं हं." आणि जाताना शेरा लिहून गेले, की उपक्रम स्तुत्य, विद्यार्थ्यांच्या निरीक्षणकौशल्यात सुधारणेस वाव आहे.

दुसऱ्या दिवशी किल्ली माझ्या टेबलावर होती. रिबीन काढून घेतली होती, नुसती किल्ली. लोणच्याची बरणी ती आदल्या दिवशीच घरी घेऊन गेली होती. मुलं तिला 'गोंधळबाई' म्हणू लागली. मी त्यांना दटावलं. दटावताना मला तो शब्द कोणाकडून आला हे आठवत होतं, त्यामुळे दटावणं फारसं जमलं नाही.

खरी गोष्ट पुढे घडली. तिने बघणं सोडलं. म्हणजे वही सुंदर झाली, उत्तरं सगळी बरोबर यायला लागली. पाण्यात काय तरंगतं, काय बुडतं हा प्रयोग होता, तेव्हा मी बादली भरून आणेपर्यंत हिचं निरीक्षण लिहून तयार. मीठ, साखर, वाळू विरघळवायचा तास होता, तर पेला कोरडा आणि वही पूर्ण. लिंबाचा प्रयोग मी सहावीला पुन्हा केला, बाईंच्या लेखी परवानगीने आणि बंद दाराआड. त्या दिवशी लिंबं जुनी होती की खिळे गंजलेले कोण जाणे, दिवा काही लागला नाही. वह्या तपासताना तिच्या वहीत होतं: 'दिवा लागला.'

मी तिला बाजूला बोलावून विचारलं, अगं, कुठे लागला दिवा?

"पुस्तकात लागलाय ना, सर." ती तक्रार करत नव्हती, समजावून सांगत होती. "तुम्हाला काय हवंय ते लिहिलंय."

जिच्यामुळे मला बाकाचा चौथा पाय कळला, ती मुलगी आता समोरचा विझलेला दिवा बघायला तयार नव्हती. आणि ते तिला मी शिकवलं होतं, कृतीतून. माझ्या सगळ्या उपक्रमांपैकी पूर्ण यशस्वी झालेला हा एकच.

त्यानंतर मी माफी मागायला निघालो. निघालो म्हणतो, कारण पोचायला फार वेळ लागला. शाळेत सगळ्याला तास असतो, माफीला नसतो. आधी वाटलं, किल्ली परत द्यावी, ती समजून घेईल. मी किल्ली पुढे केली तर ती म्हणाली, "दुसऱ्या कोणाला तरी द्या, सर. माझा गोंधळ होतो." माझंच वाक्य, धुऊन इस्त्री करून परत.

मग वाटलं, तिच्या आईशी बोलावं. पालकसभेला तिची आई आली. पोळीभाजी केंद्र चालवणारी बाई, साताऱ्याकडची, बोलायला खणखणीत. मी सुरुवात केली, की तुमच्या मुलीच्या बाबतीत जरा एक गोष्ट झालीये. एवढं म्हणेपर्यंत तिने पर्स काखेत घट्ट धरली. "काय केलं तिनं? सांगा तुम्ही. घरी गेल्यावर बघतेच तिच्याकडं."

मी म्हटलं, तिने नाही, माझ्याकडून जरा.

"तुमच्याकडनं काय होतंय, सर? तुम्ही एवढे शांत. तिनंच उलट उत्तर दिलं असणार. लोणच्याची बरणी शाळेत न्यायची म्हणून माझ्याशी भांडली होती, तेव्हाच मला कळलं, ही पोरगी काहीतरी करणार."

पुढचा सगळा वेळ मी त्या मुलीला वाचवण्यात घालवला. तरी दुसऱ्या दिवशी कळलं, की सरांना वाईट वाटेल असं वागलीस म्हणून घरी बोलणी बसलीच. मी माफी मागायला गेलो होतो आणि तिच्या खात्यावर आणखी एक गुन्हा लिहून आलो.

मुख्याध्यापिका बाईंना सांगून बघितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, सर, शेरा चांगला आलाय, आता तो उकरू नका, मुलं विसरतात. मग त्यांनी विचारलं, की ऊन लागून पिवळं पडतं हे तुम्हाला ऐन वेळी सुचलं कसं? विचारण्यात थोडं कौतुक होतं, आणि मला त्याचीच जास्त लाज वाटली.

घरी तर वेगळंच झालं. बिरड्याचा बेत होता. बायको ओट्याशी भिजवलेले, मोड आलेले वाल सोलत होती. मी समोर स्टूल घेऊन बसलो आणि सगळं सांगून टाकलं, डिंकापासून लिंबापर्यंत. ती सोलता सोलता ऐकत होती. शेवटी म्हणाली, "एक विचारू? मोड मी कुठे आणते?"

"फडक्यात."

"आणि फडकं कुठे असतं?"

"कपाटात."

"उन्हात ठेवते का कधी? परवा एक पुरचुंडी विसरले तर मोड बोटाएवढे लांब झाले होते. तुम्हीच म्हणालात, शेवया झाल्यात नुसत्या." तिने सोललेला वाल वाडग्यात टाकला. "एवढी वर्षं बिरडं खाताय अहो. प्रयोग तर रोज तुमच्या ताटात होता."

मग ती हसायला लागली. गारव्यामुळे हिरवं, असं मध्ये मध्ये म्हणायची आणि पुन्हा हसायची. रात्री बिरडं वाढताना मात्र हसली नाही. म्हणाली, त्या पोरीला सांगा. आईला नाही, बाईंना नाही, मला तर नाहीच. तिला सांगा.

मला पटलं. तरी मी नाही सांगितलं. सहामाही परीक्षा आली, मग स्नेहसंमेलन आलं. माझ्यासारख्या माणसाला मनात कुढण्याची एक सोय असते. आपण रोज कुढतोय म्हणजे रोज थोडी थोडी फेड चालू आहे, असं वाटत राहतं. समोरच्या माणसापर्यंत त्यातला एक आणाही पोचत नाही.

सांगायला भाग पाडलं ते डोंबिवलीत झालेल्या एका प्रशिक्षणाने. चहाच्या वेळी शेजारच्या खुर्चीवर दुसऱ्या एका शाळेच्या बाई होत्या. गप्पांत त्यांनी सांगितलं, की आमच्या शाळेने परसबागेवर हिरवी जाळी टाकली आणि वर्गातल्या कुंड्या खिडकीतून काढून आत ठेवल्या. मी सहज विचारलं, का हो?

"जादा उन्हाने रोपं पिवळी पडतात ना. आमच्याकडे साहेब आले होते, त्यांनी सांगितलं. कल्याणच्या कुठल्याशा शाळेत प्रयोगाने सिद्ध झालंय म्हणे." त्यांनी बशी पुढे केली. "बिस्कीट घ्या ना."

मी बिस्कीट घेतलं. ते चहात पडलं. माझ्या डोळ्यांसमोर ठाणे जिल्ह्यातली तमाम रोपं एकामागोमाग एक कपाटात चालली होती, रांगेने, गणवेश घालून. आणि मी "हो का?" म्हणालो. खरंच म्हणालो. माणूस एका वाक्यात सुटू शकत असतो आणि "हो का?" म्हणतो.

त्या संध्याकाळी परतताना कल्याणच्या बाजारात उतरून मी दोन किलो मूग घेतले. दुकानदार म्हणाला, लग्न आहे का घरात?

दुसऱ्या दिवशी सहावीला सांगितलं, की मुगाचा प्रयोग पुन्हा करायचा, या वेळी प्रत्येक गटाने आपापल्या दोन बरण्या आणायच्या. ती मुलगी म्हणाली, की आमच्याकडे बरणी नाही, आईने त्यात लोणचं घातलंय. खरं असेल. तिच्या गटासाठी मी घरून दोन आणल्या.

आठवड्याभराने सगळ्या बरण्या कपाटातून आणि खिडकीतून काढून बाकांवर मांडल्या. खिडकीतली रोपं बुटकी, हिरवी. कपाटातली उंच, पिवळी, सगळ्या वर्गात नुसती पिवळी झाडी माजलेली. मी म्हटलं, बघा आणि दिसतं ते लिहा. मग वह्या बघत फिरायला लागलो. पहिल्या वहीत होतं: 'उजेडातले रोप उंच वाढले.' दुसऱ्या वहीत तेच. तिसऱ्या वहीत उंच रोपावर हसरा सूर्यही काढला होता. अंधारातलं वीतभर रोप एका मुलाच्या नाकाला गुदगुल्या करत होतं आणि त्याच्याच खाली मान घालून तो लिहीत होता, की अंधारातले रोप खुरटले.

मी त्याला म्हटलं, अरे, समोर बघ ना. उंच कुठलं आहे?

त्याने रोपाकडे बघितलं. "हे."

"मग लिहिलंस काय?"

"सर, प्रयोग चुकला असेल. उत्तर बरोबर आहे."

वर्गात कोणीच हसलं नाही, हे मला जास्त लागलं. त्यांच्या दृष्टीने त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. मी दुसऱ्या बाकाकडे बघितलं. तिची वही मिटलेली होती, वर पेन आडवं ठेवलेलं. लिहून झालं होतं.

मी फळ्याजवळ गेलो. हातात खडू घेतला, पुन्हा ठेवला. आणि म्हणालो, "तुम्हाला आठवत असेल, साहेब आले होते त्या दिवशी बरण्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या गेल्या होत्या."

मला वाटलं, झालं. छातीत हलकंही वाटायला लागलं होतं.

दुसऱ्या बाकावरून आवाज आला. हात वर नव्हता. "कोणी बदलल्या, सर?"

किती महिन्यांनी तिने मला प्रश्न विचारला होता. मी म्हटलं, "मी."

मागच्या बाकावरचा एकजण शांतपणे म्हणाला, "आम्हाला माहीत होतं, सर."

"काय माहीत होतं?"

"गोल बरणी हिची होती ना. सगळ्यांनी बघितलेलं."

"मग त्या दिवशी कोणी बोललं का नाही?"

"ही बोलली ना, सर. तिचं काय झालं बघितलं आम्ही."

एवढं सोपं, एवढं चोख निरीक्षण त्या वर्गात वर्षभरात झालं नव्हतं. मी टेबलाच्या कडेला टेकलो.

ती माझ्याकडे बघत होती. पूर्वी बाकाच्या पायाकडे बघायची तसं. "का बदलल्या?"

"साहेब येणार होते. माझा तक्ता चुकलेला होता. तुझी बरणी बरोबर होती. मला भीती वाटली."

"म्हणजे माझा गोंधळ नव्हता झाला."

"नाही. तू रोज येऊन सांगत होतीस आणि मी एकदाही कपाट उघडून बघितलं नाही."

तिने वही उघडली. लिहिलेली ओळ वाचली, तिच्यावर पट्टी ठेवून ती सरळ खोडली. मग समोरची बरणी जवळ ओढली आणि रोपाशेजारी पट्टी उभी धरली. लिहायच्या आधी पुन्हा मान वर केली. मला कळलं, की अजून काहीतरी राहिलंय आणि ती त्याची वाट बघतेय. सगळा वर्ग वाट बघत होता.

मी टेबलापासून सरळ झालो. तिच्या बाकापर्यंत गेलो, कारण हे लांबून बोलायचं नव्हतं. म्हणालो, "त्या दिवशी तू खरं बोललीस आणि मी तुला सगळ्यांसमोर खोटं पाडलं. चूक माझी होती, मी ती तुझ्यावर ढकलली. माझं चुकलं. मला माफ कर."